१०८० मोठं, मग गेम भुरकट का?

प्रश्न : नमस्कार, ओळखीच्यांकडून जुना पीएस३ (सोनीचा गेम कन्सोल) घेतलाय, टीव्ही ३२ इंची एचडी रेडी. सेटिंगमध्ये ७२०पी आणि १०८०आय दोन्ही होते, मोठा आकडा बरा म्हणून बाकीच्या टिक काढून फक्त १०८०आय ठेवलं. आता मेनूतल्या बारीक रेघा थरथरतात आणि काही गेम तर जुन्या डीव्हीडीसारखे भुरकट दिसतात. सेट टॉप बॉक्सवर क्रिकेट मात्र एकदम कडक. टीव्ही गेला का? — एक वाचक, सांगली

उत्तर : टीव्ही ठणठणीत आहे हो, ती ७२०पीची टिक तेवढी परत मारा. पीएस३चे बरेच गेम मुळात ७२०पीलाच (७२० ओळींचं चित्र) चालतात, अनचार्टेड २ घ्या नाहीतर जीटीए ५, आणि तुम्ही नेमकं तेच बंद केलंत, त्यामुळे ज्या गेमला १०८० जमत नाही तो वर न चढता सरळ ४८० नाहीतर ५७६ वर उतरतो. मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्स ३६० कन्सोलला ही भानगड नाही, त्याच्यात चित्र हव्या त्या साइझचं करून देणारा स्केलर आहे, गेम कुठल्याही साइझचा असो, तुम्ही सेट केलेलंच बाहेर येतं. सोनीने हे का नाही केलं देव जाणे.

आता रेघांचं. १०८०आयमध्ये पूर्ण चित्र एकदम येतच नाही, आधी एकाआड एक ५४० ओळी, मग मधल्या राहिलेल्या ५४०, असं सेकंदाला ६० वेळा. ७२०पीमध्ये दर वेळी सगळ्या ७२० ओळी. हिशोब केला तर सेकंदाला ६.२ कोटी पिक्सेल विरुद्ध ५.५ कोटी, म्हणजे आकड्यावरून वाटतं तेवढं काही जास्त मिळत नाही, आणि ३२ इंची एचडी रेडीचं पॅनल बहुतेक १३६६ बाय ७६८चंच असतं. एकाच ओळीची रेघ असली की ती एकदा येते एकदा नाही, म्हणून थरथर. जुन्या ट्यूबवाल्या टीव्हीला असं अर्धं अर्धं चालायचं, एलसीडीला अख्खं चित्र लागतं, मग टीव्ही दोन अर्धी जुळवत बसतो, तेवढ्यात गेममधली गाडी पुढे सरकलेली असते आणि तिच्या कडा फणीच्या दातांसारख्या दिसतात. शिवाय जुळवायला एक-दोन फील्ड (म्हणजे अर्धी चित्रं) थांबलं की १७ ते ३३ मिलिसेकंद गेलेच, मारामारीच्या गेममध्ये तेवढ्यात फटका बसतो.

क्रिकेटला हे का जाणवत नाही? आपल्याकडची एचडी चॅनेलंही १०८०आयच, पण बुमराहचा हात काय तुम्ही रिमोटने फिरवताय थोडाच, बॉल जरा उशिरा पडला तरी कोणाला कळतंय.

तर सेटिंग्ज, डिस्प्ले सेटिंग्ज, व्हिडिओ आउटपुट सेटिंग्ज, एचडीएमआय, कस्टम, तिथे ७२०पी टिक करा, १०८०आय काढलंत तरी चालेल, आणि टीव्हीत गेम मोड (हा उशीर कमी करणारं सेटिंग) असेल तर तोही चालू करा. चुकून स्क्रीन काळी पडलीच तर पीएस३ बंद करून पॉवर बटण दुसरा बीप येईपर्यंत दाबून धरा, व्हिडिओचं सेटिंग परत मूळ जागी येतं.