लक्ष्मी रोडला जाताय? पदर आधी उलटा करून बघा

प्रश्न : ताई, मुलीचं लग्न मे महिन्यात ठरलंय आणि तिला बस्ता पुण्याला लक्ष्मी रोडलाच जाऊन बांधायचाय. तिचे बाबा म्हणतात चिपळुणात काय मिळत नाही. एवढ्या लांब जाण्यात अर्थ आहे का आणि एका दिवसात होईल का?
– एक आई, गुहागर

उत्तर : बाबांचं अर्धं बरोबर आहे. मानपानाच्या साड्या, टॉवेल-टोप्या, शर्टपीस सगळं चिपळुणातच घ्या, ते ओझं कुंभार्ली घाटातून उतरवत आणायची काही गरज नाही. पण नवरीची पैठणी, शालू, एखादी इरकल घ्यायची तर चार दुकानं फिरून बघायला हवीत आणि ती तिथे एकाला लागून एक आहेत.

रात्रीच्या एसटीने निघालात की पहाटे स्वारगेट. तिथून मेट्रोचं पुढचंच स्टेशन मंडई, 2024 पासून ही सोय झाल्यामुळे रिक्षावाल्याशी हुज्जत वाचली. वर आलात की तुळशीबाग जवळच नि पलीकडे लक्ष्मी रोड. दहा-साडेदहाच्या आधी शटर वर जात नाहीत, त्यामुळे आधी आरामात चहा-नाश्ता करून घ्या. आणि ताफा नेऊ नका हो! नवरी, तुम्ही आणि तोंडावर नाही म्हणू शकणारी एक मावशी, बस. आत्या-काकू-शेजारीण सगळ्या गेल्या की दुपारपर्यंत रंगावरच वाद चालतो.

आता पैठणी. गादीवर बसलात की सेल्समन धडाधड घड्या मोडत सुटतो आणि त्या ढिगात भलेभले गोंधळतात, तर तुम्ही सरळ पदर उलटा करा. हातमागाच्या पैठणीत मोर, मुनिया, आसावलीची वेल हे सगळं रंगीत धागे हाताने एकमेकांत अडकवून विणलेलं असतं, म्हणून मागची बाजूही जवळपास पुढच्यासारखीच दिसते. मागे सुटे धागे लोंबतायत किंवा ते कापलेले दिसतायत तर ती मशीनवरची, सेमी. सेमी वाईट नाही हां, करवलीला मस्त दिसते, फक्त भाव सेमीचाच द्या. दोन-तीन हजारांत कोणी हातमागाची म्हणून पुढे केली तर हसून पुढची घडी मागा. लेबलही बघा, सिल्क मार्क म्हणजे रेशीम खरं एवढंच, हातमागावर विणलीय की नाही ते हँडलूम मार्कवरून कळतं, बरेच जण दोन्ही एकच समजतात.

मोठ्या दुकानांत भाव फिक्स असतो, घासाघीस करायची हौस तुळशीबागेत भागवा, तिथे बांगड्या, खोटे दागिने, रुखवताचं किरकोळ सामान मिळतं. फॉल-पिको मात्र तिथे टाकू नका, त्यासाठी परत घाट कोण चढणार? काय काय घ्यायचं ते घरूनच लिहून नेलंत तर एक दिवस पुरतो. जमलं तर 11 डिसेंबरला जा, 2021 पासून महापालिका त्या दिवशी लक्ष्मी रोडच्या एका टप्प्यात गाड्या बंद ठेवून पादचारी दिन करते. अनंत चतुर्दशीला मात्र चुकूनही नको, विसर्जन मिरवणूक त्याच रस्त्याने जाते.

प्रश्न : मला खणाचा अनारकली शिवायचाय, किती मीटर घेऊ?
– कॉलेजकन्या, रत्नागिरी

उत्तर : आधी शिंप्याला विचार, मग घे. पारंपरिक खणाचा पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, साधारण 31 इंच असतो, नेहमीच्या ड्रेसच्या कापडापेक्षा बराच कमी, त्यामुळे घेर हवा असेल तर मीटर वाढतात आणि जोडही येतात. हल्ली मोठ्या पन्ह्याचा खणही मिळतो पण तो बहुतेक पॉवरलूमचा. मूळचा खण कर्नाटकात गुळेदगुड्डला विणतात, दुकानात तसं विचारलंस की समोरच्यालाही कळतं तुला काय हवंय ते.

प्रश्न : सासूबाईंची जुनी पैठणी आहे, आमच्याकडे खारा वारा, जरीचे धागे काळे पडत चाललेत. काय करू?
– मालवण

उत्तर : प्लास्टिकच्या पिशवीतून आजच्या आज बाहेर काढा. धुतलेल्या सुती पंच्यात नाहीतर मलमलीत गुंडाळून ठेवा, दोन-तीन महिन्यांनी सावलीत वारा द्या आणि दरवेळी घडी बदला, नाहीतर एकाच रेषेवर रेशीम तुटतं. डांबराच्या गोळ्या जरीला चिकटू देऊ नका. अत्तर, परफ्यूम थेट साडीवर नको. लिंबू किंवा टूथपेस्टने जरीचे धागे घासायचे उपाय कोणी सांगेल तर ऐकू नका, त्याने ते उजळायच्या आधी रेशीमच जातं. हे सगळं पावसाळा सुरू व्हायच्या आत उरका.