आजोबांची पेटी आणि अकरावीतलं गणित

प्रश्न : मी मुलुंडला राहते, अकरावी सायन्सला आहे. माझ्या आजोबांना सकाळी काय खाल्लं ते दुपारी आठवत नाही, एकच प्रश्न दहा वेळा विचारतात. पण पेटी पुढ्यात ठेवली की आरत्या, अभंग बिनचूक वाजवतात. ते बघून मला मेंदूचाच अभ्यास करावासा वाटतो. बाबा म्हणतात, मग डॉक्टरकीची 'नीट' परीक्षा दे आणि न्यूरॉलॉजिस्ट (मेंदूचा डॉक्टर) हो, नुसत्या बी.एस्सी.ने काय होणार? क्लासमधले सर म्हणतात, नीटच द्यायची तर गणित सोड. काय करू?

उत्तर : गणित सोडू नकोस. कारण पुढे येईलच, पण विषय बदलायच्या अर्जाची मुदत जवळ असेल म्हणून हे पहिल्या ओळीत.

आता आजोबा. त्यांना न्यूरॉलॉजिस्टना दाखवलंय की नाही ते तू लिहिलेलं नाहीस. 'वय झालं' म्हणून हे सोडून देऊ नका. बी-१२ कमी असणं, थायरॉइड, नैराश्य, झोपेच्या गोळ्या यांनीही विसरणं वाढतं आणि त्यावर उपचार असतात. केईएम, सायन, नायर या तिन्ही ठिकाणी न्यूरॉलॉजीची ओपीडी आहे. जाताना चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या न्या आणि विसरणं कधीपासून, कसकसं वाढलं ते कागदावर लिहून न्या. गोंधळ दोन-चार दिवसांतच एकदम वाढला असेल तर मात्र त्याच दिवशी दवाखाना गाठा. त्यामागे जंतुसंसर्ग किंवा रक्तातलं सोडियम उतरणं असू शकतं.

तुझं पेटीचं निरीक्षण या विषयाच्या गाभ्याला हात घालतं. 'स्मरणशक्ती मेंदूत कुठे असते?' हा प्रश्नच थोडा चुकीचा आहे, कारण ती एक वस्तू नाही. १९५३ साली अमेरिकेत हेन्री मोलेसन या तरुणाच्या अपस्मारावर उपाय म्हणून दोन्ही कानशिलांच्या आतला, हिप्पोकॅम्पससह बराच भाग काढला गेला. त्यानंतर नव्या घटना त्याच्या लक्षात राहीनात. पण मानसशास्त्रज्ञ ब्रेंडा मिल्नर यांनी त्याला फक्त आरशात बघून चांदणीची आकृती गिरवायला दिली, तेव्हा तीन दिवसांत त्याच्या चुका उतरत गेल्या. दर दिवशी त्याला मात्र वाटे की हे आपण पहिल्यांदाच करतोय. हात शिकत होते, पण शिकल्याची आठवण बनत नव्हती. तुझ्या आजोबांच्या आणखी जवळचं उदाहरण म्हणजे ब्रिटिश संगीतकार क्लाइव्ह वेअरिंग. १९८५ मध्ये विषाणूमुळे मेंदूला सूज येऊन त्यांची आठवण काही सेकंदांवर आली. पियानो मात्र वाजत राहिला. सवयीच्या हालचालींचं काम मेंदूच्या आत खोलवर असलेल्या बेसल गँग्लिया आणि मागचा छोटा मेंदू यांच्याकडे असतं. आज सकाळी काय घडलं याची नोंद हिप्पोकॅम्पसच्या मदतीने होते. एकाला इजा झाली म्हणून दुसरं बंद पडत नाही.

जाणिवेचंही तसंच. मेंदूत साधारण ८६ अब्ज चेतापेशी आहेत आणि त्यातल्या सुमारे ६९ अब्ज एकट्या छोट्या मेंदूत. तरी छोट्या मेंदूला मोठी इजा झालेला माणूस झोकांड्या खातो, बोलताना अडखळतो, पण शुद्धीवर असतो. उलट मेंदूच्या देठाच्या वरच्या टोकाला किंवा थॅलॅमस या मेंदूच्या आतल्या भागाच्या मध्यावर लहानशी जखमही माणसाला कोमात नेऊ शकते. पेशी किती यापेक्षा कोण कोणाला जोडलंय याला महत्त्व.

वागणुकीच्या बाबतीत सावध राहा. १८४८ मध्ये फिनियस गेज या कामगाराच्या डोक्यातून लोखंडी पहार आरपार गेली, मेंदूचा पुढचा भाग जखमी झाला आणि त्याचं वागणं बदललं, ही गोष्ट तुला प्रत्येक पुस्तकात भेटेल. तोच गेज पुढे चिलीत काही वर्षं घोडागाडी हाकण्याचं काम करत होता, हे सहसा कोणी सांगत नाही. 'अमुक भाग म्हणजे अमुक स्वभाव' असं कोणी ठासून सांगितलं की थांबून विचार करायचा.

आता करिअर. आजोबांकडे बघून तुला नेमकं काय वाटतं, ते आधी ठरवावं लागेल. यांना बरं कसं करायचं, असं वाटत असेल तर वैद्यक. एमबीबीएस इंटर्नशिपसह साडेपाच वर्षं, एमडी मेडिसिन तीन, डीएम न्यूरॉलॉजी तीन. साडेअकरा वर्षं आणि मधल्या प्रवेश परीक्षा वेगळ्या. पहिली आठ-नऊ वर्षं मेंदू थोडा, बाकी सगळं शरीर. ताप, मधुमेह, बाळंतपण हे शिकण्यात ज्यांना रस नाही, ते इथे फार कंटाळतात. मानसोपचाराकडे ओढा असेल तर एमबीबीएसनंतर एमडी सायकिअॅट्री तीन वर्षांत होतं.

यांच्याशी बोलून, चाचण्या घेऊन नक्की काय बिघडलंय ते शोधायचं असेल, तर न्यूरोसायकॉलॉजी. शब्दांची यादी शिकवायची, वीस-तीस मिनिटांनी विचारायची, आठवलं नाही तर 'फळाचं नाव होतं' असं सुचवून बघायचं. सुचवल्यावर आठवलं तर नोंद झाली होती, फक्त सापडत नव्हती. सुचवूनही नाही आलं तर बहुधा नोंदच झाली नाही. यासाठी मानसशास्त्रात पदवी, मग क्लिनिकलचं प्रशिक्षण. इथे पुष्कळ मुलं फसतात : साधं एम.ए. करून क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून काम करता येत नाही, त्यासाठी भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते. या अभ्यासक्रमांची रचना बदलते आहे, म्हणून फी भरण्याआधी तो अभ्यासक्रम परिषदेच्या यादीत आहे का, हे स्वतः बघ.

आणि हे मुळात घडतं कसं, असा प्रश्न छळत असेल तर संशोधन. बाबांची शंका इथेच आहे, म्हणून जरा सविस्तर. बारावीनंतर आयसर या विज्ञान संस्थेत, पुण्यात, पाच वर्षांचं बीएस-एमएस आहे. घर सोडायचं नसेल तर कलिना कॅम्पसमधल्या सेंटर फॉर एक्सलन्स इन बेसिक सायन्सेसमध्ये पाच वर्षांचं एम.एस्सी. आहे, त्याला नेस्ट ही प्रवेश परीक्षा. साधी बी.एस्सी. केलीस तरी रस्ता बंद होत नाही. कुलाब्याचं टीआयएफआर, पवईचं आयआयटी, मानेसरचं एनबीआरसी, बंगळुरूचं आयआयएस्सी अशा संशोधन संस्थांत पुढे पीएच.डी.ला जाता येतं. पीएच.डी.ला पाच-सहा वर्षं लागतात, पण फी भरत बसायची नसते. २०२३ पासून पीएच.डी. करणाऱ्या ज्युनिअर रिसर्च फेलोला महिना ३७,००० आणि सीनिअरला ४२,००० रुपये आणि वर घरभाडं भत्ता आहे. हे पैसे फेलोशिपचे, नोकरीचे नाहीत, आणि पुढे प्राध्यापकाच्या जागा थोड्या. हे बाबांपासून लपवू नकोस. डेटा हाताळायला शिकलेल्यांना संशोधनाबाहेरही काम मिळतं, हेही सांग.

इथेच गणित येतं. आयसरच्या प्रवेश परीक्षेत साठ प्रश्न असतात, चार विषयांचे पंधरा-पंधरा. गणित सोडलंस तर पाव पेपर कोरा. त्याहून मोठं कारण कामाचं. एफएमआरआय या मेंदूचं काम टिपणाऱ्या स्कॅनमधला रंगीत मेंदू हा फोटो नसतो. चेतापेशी कामाला लागल्या की तिथलं रक्त वाढतं, तो बदल पाच-सहा सेकंदांनी कळसाला पोचतो, आणि चित्रातल्या एकेका ठिपक्यात लाखो पेशी असतात. त्यातून खरा फरक कोणता आणि योगायोग कोणता, हे संख्याशास्त्र ठरवतं. जीवशास्त्र आवडतं म्हणून आलेली आणि आकडे बघून मागे फिरलेली मुलं या विषयात बरीच आहेत. नीटचा अभ्यास गणित ठेवूनही होतो. रोजचा तास-दीड तास वाढतो, एवढी किंमत आहे.

दिवाळीच्या सुट्टीत एक काम कर. पंधरा सोपे मराठी शब्द घे : बादली, पेरू, पाऊस असे. सोसायटीतल्या वीस जणांना एकेक करून, दोन सेकंदांना एक या वेगाने वाचून दाखव. दहा जणांना लगेच आठवतील ते लिहायला सांग. उरलेल्या दहा जणांना आधी तीस सेकंद १०० पासून तीन-तीन वजा करत उलटं मोजायला लाव, मग लिहू दे. प्रत्येकासाठी शब्दांचा क्रम बदल, नाहीतर 'पेरू' शेवटी होता म्हणून आठवला की पेरू आहे म्हणून आठवला, हे कळणार नाही. एकाची चाचणी दुसऱ्याच्या कानावर पडू देऊ नकोस. मग कितव्या जागेवरचा शब्द किती जणांना आठवला, याचे दोन आलेख काढ. पहिल्या गटात यादीची दोन्ही टोकं वर दिसायला हवीत, दुसऱ्यात शेवटचं टोक बसलेलं. तुझं तसं आलं नाही तर कुठे चुकलं ते शोध.

या कामात चार-पाच संध्याकाळी जातील. माणसांशी बोलताना वेळ कसा गेला कळलं नाही, की आलेख काढताना, की न आठवल्याने कासावीस झालेल्या एखाद्या आजींना धीर देताना, ते वहीत त्या त्या दिवशीच लिहून ठेव. ती वही आणि दोन्ही आलेख बाबांच्या पुढ्यात ठेव, आणि मग नीट की आयसर हे दोघं मिळून बोला.