दंश किती वाजता झाला ते आधी लिही

प्रिय बाळ,

परवा रत्नागिरीच्या सीएमईत (डॉक्टरांच्या शिक्षण-बैठकीत) तू बोललीस तेव्हा मी मागच्या रांगेत होतो. सगळ्यांदेखत तुला काही सांगणं मला बरं वाटलं नाही, म्हणून घरी येऊन लिहायला बसलोय, थोडं लांबेल, ड्युटी संपल्यावर निवांत वाच.

पहिलं म्हणजे तू उठून प्रश्न विचारलास ते मला मनापासून आवडलं. आपल्याकडे सिनियर बोलला की हॉल गप्प होतो. ते म्हणाले, आम्ही विंचवाच्या प्रत्येक पेशंटला सिरम, म्हणजे विंचवाच्या विषावरचं प्रतिविष, देतो, इतक्या वर्षांत एकही दगावला नाही. तू म्हणालीस, लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात ट्युनिशियाची ट्रायल (पेशंटवर घेतलेली उपचाराची चाचणी) आलीय, ८२५ पेशंट, सिरमचा फायदा शून्य, विषय संपला. मग आवाज चढले, कोणीतरी चहा आणला, आणि सगळे आपापलं मत घेऊन घरी गेले. अगं, पण तुम्ही दोघं एकाच आजाराबद्दल बोलतच नव्हता!

सिनियरांचं आधी बघू. "प्रत्येकाला" म्हणजे कोणाला? कोकणात काळा मोठा विंचू चावला की माणूस रात्रभर ठणक्याने ओरडतो आणि सकाळी चालत घरी जातो. तांबडा चावला तरी सगळ्यांच्या अंगात सारखं विष जात नाही, कित्येकांना नुसती जागेवर वेदना असते. हे सगळे धरून "एकही दगावला नाही" म्हटलं तर त्यात सिरमचं काम किती आणि नशिबाचं किती, हे त्यांनाही सांगता येणार नाही. माणूस प्रामाणिक आहे, हात चांगला आहे, पण त्यांच्याकडे आकडा नाही, आठवण आहे. आणि आठवण फक्त वाचलेल्यांची राहते असं नाही, पण सोयीची मात्र राहते.

आता तुझी ट्रायल. १९९९ची, रँडमाइज्ड (कोणाला काय द्यायचं ते चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलेली), मोठी, चांगली. पण तिकडचे विंचू वेगळ्या जातीचे, आणि सिरम दिलं ते लक्षणं किती गंभीर आहेत हे न बघता आलेल्या प्रत्येकाला. त्यात बरेचसे सौम्यच होते, जे तसेही बरे होणार होते. त्यामुळे सरसकट देऊ नका, एवढं त्यातून नक्की निघतं. आपल्याकडच्या घामाने निथळणाऱ्या, हातपाय बर्फ झालेल्या पोराला देऊ नका, हे त्यातून निघत नाही. ते तू त्यात घातलंस.

आणि आपल्या दारातली ट्रायल तुम्हा दोघांपैकी कोणीच काढली नाही याचं मला वाईट वाटलं. महाडच्या डॉ. हिंमतराव आणि डॉ. प्रमोदिनी बावस्करांची, बीएमजे या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात २०११ला आलेली. ७० पेशंट, निम्म्यांना नुसतं प्राझोसिन (आवळलेल्या रक्तवाहिन्या सैल करणारं औषध), निम्म्यांना प्राझोसिन अधिक सिरम. दहा तासांत पूर्ण बरे झालेले, सिरमवाल्यांत ३५ पैकी ३२, नुसत्या प्राझोसिनवाल्यांत ३५ पैकी ८. केवढा फरक आहे बघ. पण इथेही थांबून वाच. हे सगळे ग्रेड २चे पेशंट, म्हणजे विष अंगात भिनलेलं, पण हृदय-फुफ्फुस-मेंदूवर अजून गेलेलं नाही. ट्रायल ओपन लेबल, कोणाला सिरम दिलंय हे बघणाऱ्याला माहीत, एकाच हॉस्पिटलमधली. आणि मोजलं ते लवकर बरं होणं, जीव वाचणं नाही. म्हणून जे पोर पाचव्या तासाला तोंडाला फेस घेऊन येतं त्याच्याबद्दल ना ट्युनिशिया काही सांगत ना महाड. तिथे तू, तुझा स्टेथो आणि तुझी समज.

तू आणखी एक म्हणालीस, की प्राझोसिनची तरी कुठे प्लासिबोवाली (निम्म्यांना औषध नसलेली गोळी देऊन केलेली) ट्रायल आहे. बरोबर आहे, आधीचे मृत्यू आणि नंतरचे मृत्यू अशी तुलना आहे. तांबड्या विंचवाने फुफ्फुसात पाणी झालेल्यांपैकी पूर्वी शेकडा २५-३० जात, प्राझोसिन आल्यावर ते अगदी थोड्यावर आलं. मधल्या काळात रस्ते झाले, गाड्या आल्या, लोक लवकर यायला लागले, हेही त्यात मिसळलंय, ते नाकारू नकोस. पण औषध कुठे बसतं ते बघ ना. विष कॅटेकोलामाइनचं, म्हणजे अॅड्रेनलिनसारख्या रसायनांचं, वादळ उठवतं, रक्तवाहिन्यांवरचे अल्फा रिसेप्टर पेटतात, रक्तवाहिन्या आवळतात, बीपी वर जातं, हातपाय गार, आणि त्या ताणाखाली डावं व्हेंट्रिकल (हृदयाचा रक्त अंगभर ढकलणारा कप्पा) दमतं. प्राझोसिन नेमकं तिथेच कुलूप लावतं. कारण कळलेलं, फरक इतका मोठा, अशा वेळी निम्म्या पोरांना साखरेची गोळी देऊन बघू असं मी तरी कोणाच्या आईला सांगू शकलो नसतो.

हे सापडलं कसं, ते तुझ्या वयात कळायला हवं. बावस्कर बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात होते, ना आयसीयू ना काही. पेशंटच्या उशाशी बसायचे आणि लिहायचे. उलट्या, घाम, लाळ, मुलग्यांत लिंगाचा ताठरपणा, गार हातपाय, ही लक्षणं दिसली की पुढे हृदयावर येणार, हे १९८२ला लॅन्सेटमध्ये आलं ते त्या लिहिण्यातून. प्राझोसिन १९८६ला.

आणि मी काय करत होतो? हे मी फार कमी लोकांना सांगितलंय. नव्वदच्या सुरुवातीची गोष्ट, राजापूरकडे नवीन होतो. नऊ वर्षांचा मुलगा, काजूच्या बागेत जांभ्याच्या दगडांचा ढीग हलवताना चावला. आईने पदराने कपाळ पुसलं की लगेच पुन्हा घामाचे थेंब उभे राहत होते, तळहात धरला तर मडक्यासारखा गार. उलट्या-लाळ बघून मी अॅट्रोपिन (लाळ सुकवणारं औषध) दिलं, वर स्टेरॉइड दिलं, तसंच शिकवलेलं होतं. लाळ थांबली, मला वाटलं जिंकलो. पहाटे तोंडातून गुलाबी फेस आला, म्हणजे फुफ्फुसात पाणी झालं. प्राझोसिनचं छापून येऊन तेव्हा काही वर्षं झाली होती, मी वाचलंच नव्हतं. वर्षभराने तो केस पेपर काढला, नेमकं कुठे चुकलो ते बघायला, तर त्यावर माझ्याच अक्षरात फक्त "विंचूदंश, उपचार दिले". किती वाजता चावला, किती वाजता माझ्याकडे आला, बीपी कधी किती, काही नाही. त्या मुलाकडून जे शिकता आलं असतं तेही मी घालवलं.

म्हणून तुला कळकळीने सांगतो, वाद घालायच्या आधी रजिस्टर घाल. साधी शंभर पानी वही चालेल. दंश किती वाजता झाला ते आधी लिही, नातेवाईकांना नक्की सांगता येत नाही, मग विचार, चूल पेटली होती का, शेवटची एसटी गेली होती का, त्यावरून काढता येतं. विंचू मारून आणला असेल तर रंग आणि नांगीची जाडी लिही. पहिलं प्राझोसिन कधी, दर अर्ध्या तासाला नाडी-बीपी, आणि हातपाय किती वाजता गरम झाले ते स्वतः हात लावून बघ, सिस्टरच्या भरवशावर नको. सिरम दिलं तर व्हायल किती, बॅच नंबर काय, रिअॅक्शन आली का. नाही दिलं तर का नाही दिलं, स्टॉक नव्हता की तुला वाटलं नाही, हे दोन वेगळे आहेत आणि नंतर आठवत नाहीत. सौम्य केसही लिही, तेच लोक विसरतात.

हो, आणि वहीबाहेरचं एक. प्राझोसिन दिलं की आईला बजावून सांग, पोराला उचलून खांद्यावर घ्यायचं नाही, आडवंच ठेवायचं. पहिल्या डोसनंतर उभं धरलं तर बीपी धाडकन पडतं. रडणारं पोर आई उचलणारच, म्हणून तिला पलंगावर त्याच्याशेजारी झोपायला सांग.

साठ-सत्तर केस झाल्या की कदाचित तुला वाटेल आपणच ट्रायल करू. कर, पण आज एकाला हे, उद्या दुसऱ्याला ते, असं मनाने नको. एथिक्स कमिटीची परवानगी, मराठीत नीट समजावून संमती, पहिला पेशंट घ्यायच्या आधी सीटीआरआयवर (देशातल्या ट्रायलच्या सरकारी नोंदवहीत) नोंदणी (२००९पासून ती सक्तीची आहे), आणि काय मोजणार ते आधीच लिहून ठेवायचं. स्टॅटिस्टिक्सवाला सुरुवातीला गाठायचा, शेवटी नाही.

त्या सिनियरांना मी काल फोन केला होता. त्यांच्याकडे जुने केस पेपर माळ्यावर गठ्ठ्याने पडलेत, वाळवी लागायच्या आत कोणीतरी बघितले तर बरं असं तेच म्हणाले. तुझं नाव सुचवलं, थोडा वेळ गप्प बसले, मग म्हणाले येऊ दे तिला. रविवारी ऑफ असेल तर सकाळच्या गाडीने ये, मी स्टँडवर थांबतो, दोघं मिळून जाऊ. कोरी वही आण.