गांडुळं पळाली, आता काय करू?

प्रश्न (शिवाजी पेठ, कोल्हापूर): मावशी, गच्चीवर भाजी लावायची म्हणून १ किलो गांडुळं विकत आणली. म्हशीचं शेण दारात मिळतं, तेच मोठ्या ड्रममध्ये अर्ध्यापर्यंत भरलं आणि संध्याकाळी गांडुळं सोडली. सकाळी बघते तर निम्मी गच्चीभर, उरलेली मेलेली. विकणारा म्हणतो, तुमच्या शेणातच दोष आहे. पुन्हा आणू का?

वहिनी, लगेच पैसे घालू नका. शेणात दोष काही नाही, ते ताजं होतं एवढंच. आपल्याला कोल्हापुरात दूध कट्ट्यावर उभं राहून म्हशीचं धारोष्ण दूध प्यायची सवय, त्यामुळं शेणसुद्धा ताजंच बरं असं वाटतं. ताजं शेण खोल भांड्यात साठलं की आतून तापतं आणि त्यातून अमोनिया सुटतो. गांडुळाला फुप्फुसं नसतात, ते ओलसर कातडीतून श्वास घेतं. ३५ अंशांच्या पुढं त्याचा जीव कासावीस होतो, आणि तुमच्या ड्रममध्ये हवा शिरायला वाटही नव्हती. पळाली ती शहाणी म्हणायची.

शेण सावलीत पसरा, दहा-पंधरा दिवस अधूनमधून पाणी मारून वरखाली करा. मग कोपरापर्यंत हात आत घालून बघा. आत गार लागलं आणि नाकात झोंबणारा वास गेला असला, तर ते शेण चालेल. ड्रम धान्याला ठेवा. गांडुळांना पसरट भांडं लागतं. भाजीचा जुना क्रेट, फुटका टब, काहीही घ्या, बुडाला भोकं हवीत. तळाशी सुकी पानं किंवा उसाच्या पाचटाचे (वाळल्या पानांचे) बारीक तुकडे, फाडलेला पुठ्ठा, त्यावर निवलेलं शेण. सगळी उंची फूटभर, जास्त नको. मूठभर घेऊन पिळलं तर एखाददुसरा थेंब यावा. धार लागली तर सुका पाला मिसळा, काहीच आलं नाही तर पाणी शिंपडा. पावसाळ्यात वर पत्रा नसेल तर हा सगळा खटाटोप वाहून जातो, आपल्याकडचा पाऊस तुम्हाला सांगायला नको. क्रेट स्टुलावर ठेवून त्याच्या पायांखाली पाणी भरलेल्या वाट्या ठेवा, मुंग्या चढत नाहीत.

घरातलं काय घालायचं? भाजीची देठं, केळीची सालं, चहाचा चोथा, देवघरातली फुलं चालतात, पण हाराचा दोरा आधी काढा. लिंबाची सालं अगदी थोडी. तांबड्या रश्श्याचं उरलंसुरलं मात्र नको: मीठ आणि तेल गांडुळांना सोसत नाही, आणि हाडांच्या वासानं घुशी येतात.

सगळं जमलं तर ४५ ते ६० दिवसांत वरचा थर चहापत्तीसारखा दाणेदार होतो. तेव्हा तीन-चार दिवस पाणी बंद करा. मग उजेडात प्लॅस्टिकच्या कागदावर त्याचा निमुळता ढीग करा. गांडुळांना उजेड नको असतो, ती खाली सरकतात. वरचं वरचं हातानं काढत जा, थोडं थांबा, पुन्हा काढा. शेवटी तळाशी नुसती गांडुळांची गुंतवळ राहते, ती उचलून नव्या क्रेटमध्ये टाका. खतात मोहरीएवढे पिवळसर लिंबाच्या आकाराचे दाणे दिसतील. ते गांडुळांच्या अंड्यांचे कोष आहेत, चाळून परत टाका.

प्रश्न (राजारामपुरी): कुंड्या नुसत्या गांडूळखतानं भरल्या तर माती लागणारच नाही, बरोबर?

नाही हो काका. नुसत्या गांडूळखताची कुंडी पाणी धरून बसते, मुळांना हवा मिळत नाही, आणि खिसाही रिकामा होतो. कुंडीतल्या एकूण मिश्रणात ते पाचव्या हिश्शाच्या वर जाऊ देऊ नका. मी तर दहाव्या हिश्शावर थांबते. त्याला विरजण समजा. दूध म्हणजे कंपोस्ट, ते भरपूर हवं.

कंपोस्टसाठी सुकं दोन-तीन घमेली असेल तर ओलं एक घमेलं, असा अंदाज ठेवा. ढीग कमरेएवढा झाला की आत ५५ ते ६५ अंशांपर्यंत तापतो, त्यात तणाचं बी मरतं. म्हणूनच गांडुळं त्या ढिगात सुरुवातीला सोडायची नसतात. तापून निवला की मग त्यांची पाळी. गच्चीवर एवढा ढीग होत नाही, तिथं कुजायला वेळ लागतो इतकंच.

शहरात बांधकामाच्या खणातून निघणारी काळी माती फुकट मिळते, पण कुंडीत ती उन्हाळ्यात भेगाळते नि पावसात चिखल होते. तिच्यात भाताचं तूस किंवा थोडी तांबडी माती मिसळा. पीक संपलं की माती फेकू नका. रोप बुडाशी कापा, मुळं आतच राहू द्या, वर कंपोस्टचा थर आणि सुका पाला. मुळं कुजून जे बारीक मार्ग तयार होतात ते खुरप्यानं बनत नाहीत. जिवंत माती म्हणजे तीच: सारखी ढवळायची नाही, उघडी ठेवायची नाही, उपाशी ठेवायची नाही.

प्रश्न (शिरोळ तालुका): तीन एकर काळी जमीन, ऊस. वर पांढरं फुटतंय. एकरी दोन ट्रॉली गांडूळखत टाकून पाच किलो गांडुळं सोडली तर जमीन सुधारेल काय?

दादा, हे पैसे राखून ठेवा. पांढरं फुटतंय म्हणजे क्षार वर आलेत, आणि ते वर येतात पाण्याबरोबर. निचरा नाही, पाट धो धो चालू, खालच्या पाण्याची पातळी वर. गांडूळखतानं क्षार धुऊन निघत नाहीत. आधी माती तपासून घ्या: नुसती क्षारपड आहे की चोपण (सोडियम वाढून घट्ट झालेली), हे कळल्याशिवाय जिप्समला हात लावू नका, जिप्सम चोपणाला लागतो. मग चर काढा नाहीतर सच्छिद्र पाईप पुरून निचरा करा, तुमच्या तालुक्यात तशी कामं झाली आहेत, जाऊन बघा. ठिबक जमलं तर उत्तम. मध्ये एकदा धैंचा, म्हणजे हिरवळीच्या खताचं पीक, घेऊन फुलोऱ्याआधी गाडा.

आणि ती पाच किलो गांडुळं! खताच्या वाफ्यातली आयसेनिया किंवा युड्रिलस या जातीची गांडुळं पालापाचोळ्यात, शेणात राहणारी. तुमच्या काळ्या मातीत त्यांना काही मिळत नाही, मरतील. शेतातली बिळं करणारी गांडुळं वेगळी, ती आपल्याच मातीतली. ओल आणि आच्छादन मिळालं की आपोआप येतात.

आच्छादन तुमच्याकडं फुकट आहे. तोडणी झाली की एकरी ३-४ टन पाचट पडतं आणि आपण काडी लावतो. पाणी द्यायला अडचण, उंदीर होतील, शेजारच्यानं पेटवलं तर, हे सगळं मला माहीत आहे. तरी यंदा एका एकरात करून बघा. बुडखे जमिनीलगत छाटा, पाचट सरीत दाबा, त्यावर एकरी ३२ किलो युरिया, ४० किलो सुपर फॉस्फेट आणि ४ किलो पाचट कुजवणारं जिवाणू संवर्धक टाका, आणि पाणी द्या. युरियाचं नाव काढलं म्हणून सेंद्रियवाले रागावतील. पण पाचटात कर्ब भरपूर, नत्र नगण्य. ते कुजवताना जिवाणू मातीतला नत्र ओढून घेतात आणि खोडवा (तोडणीनंतर बुडख्यातून फुटणारा ऊस) पिवळा पडतो. युरिया नकोच असेल तर शेणाची स्लरी भरपूर सोडा, कुजायला जास्त दिवस धरा. कारखान्याची मळी (रस गाळून उरलेला गाळ, प्रेसमड) मिळत असेल तर तीही चांगली, फक्त कच्ची टाकू नका. शेणाशी मिसळून कुजवा, कच्ची मळी तापते.

प्रश्न (कागल): क्रेटखाली काळं पाणी गळतं, तेच वर्मीवॉश का?

नाही. वर्मीवॉश म्हणजे गांडुळं भरपूर असलेल्या तयार खतातून मुद्दाम पाणी झिरपवून घेतलेला अर्क. तुमचं ते कुजण्यातून झिरपलेलं पाणी. वास आंबूस असेल तर क्रेट जास्त ओला झालाय. दहापट पाणी घालून फुलझाडांच्या बुडाशी ओता. कोथिंबीर, मेथी, कांदापात यांवर फवारू नका, आपण ती कच्ची खातो.

प्रश्न (गडहिंग्लज): विकतचं गांडूळखत खरं कसं ओळखायचं?

चमचाभर काचेच्या ग्लासात पाण्यात ढवळा. खाली वाळू-मातीचा जाड थर बसला तर भेसळ. हुंगून बघा: पहिल्या पावसाचा वास यावा, शेणाचा आला तर अर्धवट आहे. वाळून ठणठणीत झालेलं, उन्हात ठेवलेलं पोतं घेऊ नका, त्यातले जिवाणू बरेचसे गेलेले असतात. आणि दुकानदार पोत्याचं तोंड उघडून दाखवत नसेल तर पुढच्या दुकानात चला.