‘मॅथ एरर’ आणि तिसरा साक्षीदार

“मॅडम, मी सगळी समीकरणं कॅल्क्युलेटरवरच सोडवतो. म्हणजे मला गणित येत नाही, असंच ना?”

इंजिनिअरिंग कॉलेजात आठवड्यातून दोन दिवस समुपदेशनाला बसणाऱ्या माणसाला हा प्रश्न वेगवेगळ्या तोंडून ऐकायला मिळतो. कधी मुलगा विचारतो, कधी आई, कधी शेजारच्या खोलीतले प्राध्यापक. या वेळी विचारणारा सुजय होता. (नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला आलेला, इलेक्ट्रिकलचा. वर्गशिक्षकांनी पाठवलेल्या चिठ्ठीत लिहिलं होतं, ‘हुशार आहे, पण पेपर अर्धा सोडून उठतो.’

घडलं ते असं. सर्किटच्या पेपरात त्याने तीन करंटची तीन समीकरणं मांडली. कॅल्क्युलेटर काढला, तोच तो ९९१ एमएस, जो अर्ध्या वर्गाकडे असतो. मोड तीनदा, मग एक, मग अज्ञात किती ते तीन, आणि एकेक सहगुणक, म्हणजे अज्ञातापुढचा आकडा, भरत गेला. शेवटचं बरोबरचं बटण दाबलं आणि पडद्यावर आलं ‘मॅथ एरर’. पुन्हा भरलं, पुन्हा तेच. चौथ्यांदा भरताना हात थरथरत होते. मग कॅल्क्युलेटर रिसेट केला, शेजाऱ्याकडे बघितलं म्हणून पर्यवेक्षक ओरडले, आणि उरलेला तास तो पुढच्या प्रश्नांकडे नुसता बघत बसला. त्यातले दोन त्याला येत होते.

त्या दिवसापासून साधा गुणाकारही तो तीन-तीनदा टाइप करू लागला. सात आठे छप्पन्नसुद्धा.

इथे आधी मी माझं काम केलं. कुलूप, गॅस, हात धुणं, इथेही असंच पुन्हा पुन्हा तपासावंसं वाटतं का? नाही. झोप? पेपरच्या आदल्या रात्री सोडली तर बरी. जेवण ठीक, मित्र आहेत. तपासण्याचा हा नाद दिवसाचे तास खात असता, घरभर पसरला असता, तर मी त्याला मानसोपचारतज्ज्ञांकडेच पाठवलं असतं. इथे तो एका यंत्रापुरता, एका प्रसंगापुरता होता.

आता माझी अडचण सांगते. मी मानसशास्त्राची, कला शाखेतून आलेली. दहावीनंतर समीकरणांशी माझा संबंध आला तो फक्त किराणा बिलापुरता. म्हणून मी त्याला म्हटलं, “मला शिकव. तो पेपरातला प्रश्न सोपा करून मांड.”

त्याने कागदावर सर्किट काढलं. १६ व्होल्टची बॅटरी, तिच्या वाटेवर २ ओहमचा रोध, मग मधल्या फांदीत ४ ओहम आणि उजवीकडच्या फांदीत ४ ओहम. बॅटरीतून येणारा करंट क, उजवीकडे जाणारा ख, मधून जाणारा ग. डावीकडच्या लूपचं, म्हणजे बंद फेरीचं, समीकरण २क + ४ग = १६. उजवीकडच्या लूपचं ४ख − ४ग = ०. आणि बाहेरून पूर्ण फेरी मारली तर २क + ४ख = १६.

“तीन अज्ञात, तीन समीकरणं. बरोबर आहे ना?” तो म्हणाला. भरलं. मॅथ एरर.

मी बराच वेळ त्या तीन ओळींकडे बघत राहिले. मग सहज म्हटलं, “पहिल्या दोन ओळींची बेरीज केली तर काय येतं?”

त्याने केली. २क + ४ख = १६. म्हणजे तिसरीच ओळ.

माझ्या घरात वकिली चालते, त्यामुळे मला सुचलं ते कोर्टातलं. तीन साक्षीदार उभे केलेस, पण तिसरा पहिल्या दोघांचंच ऐकून बोलतोय. नवीन काही सांगत नाही. मग न्यायाधीश निकाल कसा देणार? सुजय एकदम हसला, पहिल्यांदाच. “मॅडम, जंक्शनचं, म्हणजे फांद्या फुटतात तिथलं, समीकरण घ्यायला पाहिजे होतं. क = ख + ग.” ते कॅल्क्युलेटरच्या साच्यात बसवून, क − ख − ग = ० असं, त्याने तिसऱ्या ओळीत भरलं. उत्तर आलं ४, २, २. प्रत्येक रोधावर ८ व्होल्ट, हिशेब चोख.

पेपरातही नेमकं हेच झालं होतं, त्याने नंतर पडताळून पाहिलं. तीन लूप घेतले होते, जंक्शन एकही नाही. यंत्र बिघडलं नव्हतं. त्याला समीकरणाच्या भाषेत जे सांगता येत होतं तेच ते सांगत होतं: निश्चयक, म्हणजे सहगुणकांवरून काढलेली जी संख्या भाजक होते ती, शून्य आहे, भागता येत नाही. सुजयने मात्र त्याचा अर्थ लावला, ‘मला काही येत नाही.’

पुढच्या वेळी मी त्याला उलटं काम दिलं. भीती बसलेल्या गोष्टीशी थोडं थोडं, स्वतःच्या हाताने भेटवायचं, ही आमच्याकडची जुनी रीत. म्हटलं, “आज मुद्दाम मॅथ एरर आणायचा. वेगवेगळ्या वाटांनी.” आधी तो बिचकला. मग क्ष + य = ५ आणि २क्ष + २य = १०. आला एरर. क्ष + य = ५ आणि क्ष + य = ७. पुन्हा एरर. मी विचारलं, “दोन्हींत फरक काय?” तो थांबला. पहिल्यात एकच रेषा दोनदा काढलेली आहे, उत्तरं अगणित. दुसऱ्यात दोन समांतर रेषा, उत्तरच नाही. पडद्यावर मात्र दोन्हींना तोच शब्द. “म्हणजे ते बघायचं काम माझं,” तो म्हणाला. यावर मी काहीच बोलले नाही.

मग मी म्हटलं, आता एक चूक अशी कर की एरर येणार नाही. सर्किटच्या दुसऱ्या ओळीत −४ च्या जागी +४ भर. उत्तर आलं ०, −४, ४. नीटनेटकं, पूर्णांकांत, कुरकुर न करता. सुजय पडद्याकडे बघून म्हणाला, “बॅटरी लावलीय आणि तिच्यातून करंटच नाही?” मला विचाराल तर त्याची खरी सुधारणा त्या वाक्यापासून सुरू झाली. ज्या यंत्राच्या ओरडण्याला तो घाबरत होता, ते न ओरडताही चुकीचं सांगू शकतं हे त्याने डोळ्यांनी पाहिलं, आणि ती चूक पकडणारा तोच होता.

पुन्हा पुन्हा टाइप करण्याबद्दल आम्ही एक करार केला. तीच बटणं दुसऱ्यांदा दाबली तर तीच चूक दुसऱ्यांदा होते, शिवाय दर वेळी शंका थोडी वाढतेच. म्हणून तपासणी एकदाच, आणि कागदावर: आलेली उत्तरं आपण लिहिलेल्या मूळ समीकरणात घालायची, यंत्रात भरलेल्या आकड्यांत नाही. जुळलं की पुढचा प्रश्न. मॅथ एरर आला तर पेन खाली, एक लांब उच्छ्वास, आणि मग एकच प्रश्न: कुठली ओळ दुसऱ्या ओळींतून तयार होते?

तिसऱ्या भेटीला वडील आले. वायरमन, आयटीआय केलेले, बोलणं रोखठोक. “मॅडम, यंत्रानं डोकं गंजतं. आम्ही पाढ्यांवर शिकलो.” मुलगा मान खाली घालून बसला. मी विचारलं, “तुम्ही लाइनमधला करंट कसा बघता?” “टोंग टेस्टर लावून.” “अंदाजाने नाही?” ते जरा थांबले. मग म्हणाले, “पण टोंग कुठं लावायचा ते मला कळतं.” वडिलांनी माझं काम सोपं केलं. मी फक्त सुजयकडे पाहिलं.

तरी त्यांचं म्हणणं मी सोडून दिलं नाही, कारण त्यात अर्धं खरं आहे. सुजयला पुढे गेट, म्हणजे एम.टेक.साठीची प्रवेश परीक्षा, द्यायची आहे. तिथे स्वतःचा कॅल्क्युलेटर नेता येत नाही, स्क्रीनवर जो मिळतो त्यात समीकरण सोडवणारा मोड नसतो. तेव्हा हाताने, एकेक अज्ञाताचा लोप करून सोडवणं यायलाच हवं. रोज एक उदाहरण हाताने, एवढंच ठरलं.

त्यातलं पहिलं उदाहरण आमच्या गणिताच्या सरांनी दिलं, आणि ते मला इतकं आवडलं की इथे लिहिल्याशिवाय राहवत नाही. राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाच्या काळातले जैन गणिती महावीराचार्य. त्यांच्या नवव्या शतकातल्या ‘गणितसारसंग्रहा’त महाळुंग आणि कवठांचा हिशेब आहे. ९ महाळुंगं आणि ७ कवठांची किंमत १०७. ७ महाळुंगं आणि ९ कवठांची १०१. एकेकाची किंमत किती?

सुजयचा हात सवयीने खिशाकडे गेला. सर म्हणाले, आधी नुसतं बघ. तो बघत राहिला. मग बेरीज केली: १६ आणि १६, मिळून २०८, म्हणजे एक महाळुंग आणि एक कवठ १३ ला. वजाबाकी: २ आणि २, फरक ६, म्हणजे महाळुंग कवठापेक्षा ३ ने महाग. ८ आणि ५. “हे तर दहावीला होतं!” तो ओरडलाच. होतंच. बालभारतीच्या पुस्तकात १५ आणि १७ सहगुणकांचं अगदी याच धाटणीचं उदाहरण आहे. कॅल्क्युलेटरलाही हेच उत्तर येतं, पण आकडे अदलाबदल झालेत हे त्याला दिसत नाही. तो सगळ्यांना एकाच घाण्यात घालतो.

सत्र संपल्यावर सुजय कॅन्टीनपाशी भेटला. मी विचारलं नव्हतं, त्यानेच सांगितलं. पेपरात दोन कॅल्क्युलेटर नेले होते (ही सवय अजून गेलेली नाही, मीही आग्रह धरला नाही). एका प्रश्नात चिन्ह चुकलं. एरर आला नाही, म्हणून लक्षात यायला वेळ लागला. उत्तर मूळ समीकरणात घातलं, जुळेना, मग ओळ सापडली. पायऱ्या खोडून पुन्हा लिहिल्या.

“मग?”

“दोन-तीन मार्क गेले असतील. पुढचा प्रश्न मात्र सोडला नाही.” आणि समोसा संपवून तो प्रॅक्टिकलला पळाला.