कसाबचा खटला नाटक होता का? निष्पक्ष खटला कशाला म्हणावे?

हातात रायफल घेतलेल्या कसाबचे छायाचित्र साऱ्या देशाने पाहिले असताना त्याच्यावर खटला चालवणे हे नाटक नव्हते का, आणि निष्पक्ष खटला म्हणजे तरी काय, असे आपण विचारले आहे. मी उत्तराची सुरुवात त्याच खटल्यातील दोन भारतीय सहआरोपींपासून करतो, कारण त्यांचा विसर पडल्यामुळेच हा प्रश्न सोपा वाटतो.

या दोघांनी हल्लेखोरांना मुंबईचे नकाशे पुरवले, असा सरकार पक्षाचा आरोप होता आणि पुरावा म्हणून ठार झालेल्या हल्लेखोराच्या खिशात सापडलेला नकाशा पुढे करण्यात आला. विजार रक्ताने भिजलेली असताना तिच्या खिशातला कागद मात्र स्वच्छ कसा, ही शंका न्यायालयात टिकून राहिली आणि ३ मे २०१० रोजी, ज्या दिवशी कसाब दोषी ठरला त्याच दिवशी, हे दोघे निर्दोष सुटले. उच्च आणि सर्वोच्च न्यायालयानेही तो निर्णय कायम ठेवला. १६६ जणांच्या मृत्यूनंतर शहर संतापलेले असतानाही प्रत्येक आरोपीविरुद्धचा पुरावा वेगळा तपासला जाणे, हा मला निष्पक्षतेचा गाभा वाटतो. कसाबने जुलै २००९ मध्ये भर न्यायालयात गुन्हा कबूल केला, तरीही न्यायाधीश ताहिलियानी यांनी तेवढ्यावर खटला आटोपता न घेता साक्षीपुरावे पुढे चालू ठेवले, हेही त्याच विचाराला धरून होते.

अर्थात उलटतपासणी घेणारा वकीलच नसेल, तर पुरावा तपासला जाणार कसा? कसाबचे वकीलपत्र घेऊ नये, असे मुंबईतील काही वकिलांनी ठरवले होते. असे ठराव संविधानविरोधी आणि रद्दबातल आहेत, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये तामिळनाडूतील एका प्रकरणात स्पष्ट केले. कसाबला न्यायालयाने वकील दिला खरा. पण खटला चालू असतानाच तो बदलण्यात आला, आणि ही मला या खटल्यातील कमकुवत बाजू वाटते.

ऑगस्ट २०१२ मध्ये कसाबचे अपील फेटाळताना सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की आरोपीला प्रथम हजर केले जाते तेव्हाच, त्याला वकील मिळण्याचा हक्क आहे आणि ऐपत नसल्यास तो सरकारी खर्चाने मिळेल, हे त्याला समजावून सांगणे दंडाधिकाऱ्याचे कर्तव्य आहे आणि त्यात कसूर झाल्यास त्याच्यावर खातेनिहाय कारवाई होऊ शकते. मात्र या टप्प्यावर वकील मिळाला नाही एवढ्याने खटला रद्द होत नाही. त्यामुळे बचावाला प्रत्यक्ष बाधा पोहोचली, हे दिसावे लागते. हा शेवटचा भाग मला पटत नाही, कारण चोरीच्या आरोपाखाली पकडलेल्या एखाद्या अशिक्षित मजुराला, वकील असता तर आपण पहिल्या दिवशी काय वेगळे सांगितले असते, हे नंतर दाखवून देणे जवळजवळ अशक्य असते.