एअरबॅगचा रिकॉल: पत्र आलं नाही, पार्टही आला नाही, तर काय करायचं?

मराठवाड्यातून एअरबॅगबद्दल आलेले प्रश्न या वेळी एकत्र घेतले आहेत. रिकॉल म्हणजे दोष असलेल्या गाड्या कंपनीने मोफत दुरुस्तीसाठी परत बोलावणं. बऱ्याच जणांचा राग रास्त आहे. गाडीत दोष असल्याचं कंपनी स्वतः मान्य करते, पण दुरुस्तीची तारीख मात्र कुणी देत नाही.

प्रश्न (जालना): मुंबईच्या मालकाकडून २०१२ची होंडा सिटी घेतली. आरसीवर माझं नाव लागून तीन वर्षं झाली. एअरबॅग रिकॉलचं पत्र कधीच आलं नाही. म्हणजे माझी गाडी त्यात नाही, असं समजायचं का?

तसं अजिबात समजू नका. रिकॉल चेसिस नंबरवर निघतो, मालकाच्या नावावर नाही. कंपनीकडे पहिल्या मालकाचा पत्ता आणि मोबाइल असतो. आरटीओत नाव बदललं म्हणून कंपनीच्या नोंदीत ते आपोआप बदलत नाही. पत्र निघालं असेल तर ते मुंबईच्या जुन्या पत्त्यावर गेलं असणार.

आरसीवरचा १७ अक्षरी चेसिस नंबर घ्या आणि तो गाडीवरच्या नंबरशी ताडून बघा. मग कंपनीच्या वेबसाइटवरच्या रिकॉल तपासणीत टाका किंवा कस्टमर केअरला फोनवर सांगा. या नंबरात आय, ओ आणि क्यू ही इंग्रजी अक्षरं कधीच नसतात, त्यामुळे गोल दिसेल तिथे शून्यच टाका. ‘नोंद सापडली नाही’ असं उत्तर आलं तर बहुतेक वेळा चूक इथेच झालेली असते.

तुमच्या बाबतीत तपासणी टाळण्यासारखी नाहीच. होंडाने जानेवारी २०१७ मध्ये भारतात २०१२ साली बनलेल्या सिटी, जाझ, सिव्हिक आणि अकॉर्ड मिळून ४१,५८० गाड्या एअरबॅगच्या इन्फ्लेटरसाठी बोलावल्या होत्या. वर्षभराने २०१३च्या आणखी २२,८३४ गाड्या आल्या. हे इन्फ्लेटर जपानच्या टकाटा कंपनीचे. जगभरात असे सुमारे १० कोटी इन्फ्लेटर परत बोलावले गेले आणि जून २०१७ मध्ये कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला.

दोष नेमका काय, ते समजून घ्या. इन्फ्लेटर म्हणजे एअरबॅगमागची धातूची डबी. टकाटाच्या डबीत अमोनियम नायट्रेटच्या वड्या असतात. धडक बसली की त्या पेटतात आणि त्यांच्या वायूने पिशवी फुगते. उघड्या गोणीतलं खत पावसाळ्यात पाणी धरतं, तशाच या वड्या दमट हवेत ओलावा घेतात. त्यात रोजचं दिवसाचं तापणं आणि रात्रीचा गारवा यांची भर पडली की वर्षानुवर्षांनी वडी भुसभुशीत होते. मग ती जळते ते ठरल्यापेक्षा फार वेगाने. दाब डबीला सोसत नाही, डबी फुटते आणि तिचे तुकडे पिशवी फाडून समोरच्या माणसाच्या मानेत, छातीत घुसतात. एकट्या अमेरिकेत यात २८ मृत्यू नोंदले गेले आहेत. किरकोळ धडकेत, एरवी ज्यातून माणूस कपडे झटकत उतरला असता त्यातही, जीव गेले आहेत.

‘आपली हवा कोरडी, हा धोका किनाऱ्यावरचा’ असं मराठवाड्यात ऐकू येतं. दमट हवेत बिघाड लवकर होतो, हे खरं. पण आपल्याकडच्या सेकंडहँड बाजारात मुंबई, ठाणे, पनवेलच्या गाड्या भरपूर येतात. त्यांनी आयुष्याची पहिली आठ-दहा वर्षं खाडीकाठच्या हवेत काढलेली असतात आणि मग त्या जालन्याच्या मे महिन्यातल्या उन्हात उभ्या राहतात. ओलाव्याने झालेलं नुकसान कोरड्या हवेत भरून येत नाही.

आधीच्या मालकाने काम करून घेतलं असेल तर त्याचं शून्य रकमेचं बिल मागा. तरीही नंबर एकदा तपासाच. काही देशांत तात्पुरते म्हणून त्याच जातीचे नवे इन्फ्लेटर बसवले गेले होते आणि ते पुन्हा बदलावे लागले.

प्रश्न (अंबाजोगाई): गाडी रिकॉलमध्ये आहे हे सर्व्हिस सेंटरने मान्य केलं. पण दरवेळी लातूरला गेलो की ‘पार्ट आला नाही, पुढच्या महिन्यात या’ म्हणतात. दिवस आणि डिझेल दोन्ही वाया जातंय. काय करू?

इन्फ्लेटर हा स्फोटक माल आहे. त्याच्या साठवणुकीला आणि वाहतुकीला बंधनं असतात, म्हणून फिल्टर किंवा ब्रेक पॅडसारखा तो कपाटात पडलेला नसतो. बहुधा तुमच्या चेसिस नंबरवर मागणी गेल्यावरच तो निघतो. मागणीच टाकलेली नसेल तर पुढच्या महिन्यात काय, पुढच्या वर्षीही तेच उत्तर मिळेल. त्यामुळे आता गाडी काढण्याआधी फोन करा आणि ॲडव्हायझरला मुद्द्याचं विचारा: माझ्या नंबरवर पार्टची ऑर्डर टाकली का? ऑर्डर नंबर काय? आणि पार्ट आल्यावर तो माझ्या नावाने बाजूला ठेवणार की आधी येईल त्याला देणार?

गाडी घेऊन गेलाच असाल तर पार्ट नसतानाही जॉब कार्ड उघडायला लावा आणि त्यावर ‘रिकॉल काम बाकी, पार्ट उपलब्ध नाही’ असं लिहून सही-शिक्का घ्या. तोंडी नकाराला पुढे कुठेही किंमत नसते, या कागदाला असते. त्याच दिवशी कंपनीच्या (डीलरच्या नव्हे) कस्टमर केअरला ईमेल करा: चेसिस नंबर, किलोमीटर, सेंटरचं नाव, गेलात त्या तारखा, जॉब कार्डचा फोटो. रिकॉलचं काम कंपनीच्या कुठल्याही अधिकृत सेंटरवर होतं, गाडी जिथून घेतली तिथेच जायला हवं असं नाही. लातूरला अडलं तर नांदेड, संभाजीनगर किंवा सोलापूरला विचारा. प्रत्यक्ष काम बहुतेक गाड्यांत तासा-दोन तासांचं असतं. वॉरंटी संपली, सर्व्हिस बाहेर केली, मालक दुसरा आहे, यांतल्या कुठल्याही कारणाने पैसे मागितले तर देऊ नका, बिलावर लिहून मागा.

कधीकधी कंपनी स्वतःच गाडी चालवू नका म्हणते. जानेवारी २०२३ मध्ये मारुतीने एअरबॅग कंट्रोलरसाठी (एअरबॅग कधी उघडायची हे ठरवणारा इलेक्ट्रॉनिक डबा) १७,३६२ गाड्या बोलावल्या, तेव्हा पार्ट बदलेपर्यंत गाडी वापरू नका असं सांगितलं होतं. अशी सूचना असेल तर गाडी टोचनवर न्या आणि तो खर्च कंपनीने करावा, अशी लेखी मागणी करा. चालवू नका म्हणणाऱ्याने गाडी उचलून नेण्याची सोयही करायला हवी.

पंधरा दिवसांत ठोस तारीख मिळाली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवा. गाडी सात वर्षांच्या आतली असेल तर ‘वाहन’ पोर्टलवरच्या रिकॉल विभागातही तक्रार टाका. मोटार वाहन कायद्याच्या कलम ११०अ खाली सरकार कंपनीला रिकॉलचा हुकूम देऊ शकतं आणि १ एप्रिल २०२१ पासूनच्या नियमांत १० लाख ते १ कोटी रुपये दंड आहे. पण सरकार हलतं ते त्या मॉडेलच्या तक्रारी ठरावीक संख्येवर गेल्या की. म्हणून एकट्याची तक्रार फुकट गेली असं समजू नका, ती मोजली जाते.

शेवटचा रस्ता जिल्हा ग्राहक आयोगाचा. २०१९च्या कायद्याने तुम्ही राहता त्या जिल्ह्यात, म्हणजे बीडलाच, दावा लावता येतो. गाडीची दिलेली किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही, ५ ते १० लाखांना २०० रुपये, १० ते २० लाखांना ४०० रुपये. मुदत दोन वर्षांची.

प्रश्न (तुळजापूर): पार्ट येईपर्यंत एअरबॅगचा फ्यूज काढून टाक, असं गॅरेजवाला म्हणतो. काढू का?

काढू नका. फ्यूज काढला की नुसती ती एक पिशवी बंद पडत नाही. बाकीच्या एअरबॅग आणि धडकेच्या क्षणी सीटबेल्ट आवळणारा प्रीटेन्शनरही जातो. रिकॉलमधल्या बहुतेक गाड्यांत डबी फुटण्यापेक्षा एअरबॅगशिवाय धडक होण्याचा धोका मोठा असतो. अपवाद आहेत: २००१ ते २००३च्या काही होंडांमधले इन्फ्लेटर चाचणीत ५० टक्क्यांपर्यंत फुटले. अशा वेळी उपाय एकच, गाडी उभी करून ठेवायची.

दोष कुठल्या बाजूचा आहे ते आधी विचारून घ्या. शेजारच्या सीटचा असेल तर पार्ट येईपर्यंत ती सीट रिकामी ठेवा, घरच्यांना मागे बसवा. चालकाचा असेल तर दुसरी गाडी मिळेल तेव्हा ती वापरा. स्टिअरिंगपासून छाती किमान २५ सेंटिमीटर लांब ठेवा, हे एरवीही पाळायचंच. मात्र त्याने पिशवीचा मार कमी होतो, डबीचे तुकडे थांबत नाहीत.

प्रश्न (माजलगाव): रात्री उसाच्या ट्रॉलीवर मागून गाडी गेली. बॉनेट, काच सगळं चेपलं, पण एअरबॅग उघडली नाही. भाऊ जबर जखमी आहे. कंपनी म्हणते, ‘सेन्सरवर धडकच बसली नाही.’ हे खरं असू शकतं का?

असू शकतं, पण ते कंपनीने पुराव्यानिशी दाखवावं. गाडी किती चेपली यावर एअरबॅग उघडत नाही. गाडीचा वेग किती झटक्यात कमी झाला, ते कंट्रोलर मोजतो आणि सेकंदाच्या काही शतांशांत निर्णय घेतो. भिंतीवर समोरून आदळलं तर बंपरमागचा आडवा लोखंडी बीम आणि दोन्ही बाजूंचे चेसिसचे दांडे मार घेतात, झटका लगेच पोचतो. ट्रॉलीचं बूड उंच असतं. गाडीचं नाक तिच्याखाली घुसतं, दांड्यांना काही लागत नाही, मार बॉनेट आणि काचेच्या खांबांवर येतो. मऊ पत्रा चेपत जातो तसा वेग हळूहळू उतरतो आणि कंट्रोलर गप्प राहतो. गाळपाच्या हंगामात, मागे लाल दिवा किंवा रिफ्लेक्टर नसलेल्या डबल ट्रॉलींमुळे हे पुन्हा पुन्हा घडतं.

तरी हे उत्तर ऐकून घरी बसू नका. गाडी आहे त्या अवस्थेत ठेवा, भंगारात देऊ नका, कंट्रोलर कुणाला काढू देऊ नका. बंपर काढून बीम आणि दांडे वाकलेत का, याचे फोटो विम्याच्या सर्व्हेअरसमोर काढा. दांडे वाकले असतील तर ‘धडक बसली नाही’ हे म्हणणं टिकत नाही. अधिकृत स्कॅनरने कंट्रोलरमधली अपघाताची नोंद काढून तिची छापील प्रत मागा. पोलीस पंचनामा, दवाखान्याची कागदपत्रं, बेल्ट लावलेला होता याची खूण (छातीवरचा तिरका वळ, लॉक झालेला पट्टा) आणि जुनी जॉब कार्डं सोबत लावा. एअरबॅगचा दिवा लागत असल्याची तक्रार त्यात आधी नोंदलेली असेल तर ती फार मोलाची.

सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२२ मध्ये ह्युंदाई क्रेटाच्या अशाच प्रकरणात ग्राहकाच्या बाजूने निकाल दिला. एअरबॅग न उघडल्याबद्दल ३ लाख रुपये आणि गाडी बदलून देण्याचा आदेश कायम झाला. धडकेचा वेग आणि बल यांचं गणित मांडणं हे ग्राहकाचं काम नाही, अशी भूमिका न्यायालयाने घेतली.

प्रश्न (नांदेड): एअरबॅगचा दिवा मधूनमधून लागतो. वळण घेताना हॉर्नही कधीकधी वाजत नाही. दोन्हींचा संबंध आहे का?

बहुतेक आहे. स्टिअरिंगखाली क्लॉक स्प्रिंग असतं, गुंडाळलेली चपटी केबल. हॉर्न, स्टिअरिंगवरची बटणं आणि चालकाची एअरबॅग यांच्या तारा तिच्यातूनच जातात. ती तुटत आली की वळणावर संपर्क जातो. एअरबॅग त्याच क्षणी लागली तर उघडणार नाही, म्हणून हे टाळू नका. बदलताना चाकं सरळ हवीत आणि नवं क्लॉक स्प्रिंग मधोमध, खुणेवर बसवलेलं हवं. तसं न केल्यास पहिल्याच पूर्ण वळणात नवी केबल तुटते. कामाआधी इग्निशन बंद करून बॅटरीची निगेटिव्ह वायर काढायची आणि मॅन्युअलमध्ये लिहिलेला वेळ (बऱ्याच गाड्यांत ९० सेकंद ते ३ मिनिटं) थांबायचं, कारण कंट्रोलरमध्ये चार्ज शिल्लक असतो. एअरबॅगच्या पिवळ्या कनेक्टरला साधा मल्टिमीटर लावणारा मिस्त्री असेल तर गाडी तिथून बाहेर काढा. त्या मीटरच्या करंटनेही पिशवी उडू शकते.

हॉर्न ठीक असता तर आधी सीटखालचा सैल झालेला पिवळा कनेक्टर आणि उंदराने कुरतडलेल्या तारा बघायला सांगितलं असतं.

प्रश्न (परंडा): सप्टेंबर २०२५च्या पुरात गाडीत सीटपर्यंत पाणी होतं. सुकवली, चालूही झाली. एअरबॅगचं काही बघायचं का?

बघायलाच हवं. कंट्रोलर बहुतेक गाड्यांत गिअर लिव्हरच्या खाली, जमिनीलगत असतो. बेल्टचा प्रीटेन्शनरही दोन दारांमधल्या खांबाच्या तळाशीच असतो. सीटपर्यंत पाणी आलं म्हणजे दोन्ही बुडाले होते. गंज महिन्यांनी दिसतो, त्यामुळे आज दिवा लागत नाही याचा भरवसा धरू नका. हे पार्ट बदलूनच घ्या आणि विम्याचा दावा अजून चालू असेल तर त्यात लिहायला लावा.

प्रश्न (हिंगोली): जुनी गाडी घेताना एअरबॅग खरोखर आहे की नाही, हे कसं ओळखायचं?

इंजिन सुरू न करता नुसतं इग्निशन चालू करा. एअरबॅगचा दिवा लागून साधारण सहा-सात सेकंदांत आपोआप विझला पाहिजे, ऑइल आणि बॅटरीचे दिवे मात्र चालूच राहिले पाहिजेत. लागलाच नाही तर बल्ब काढलेला असू शकतो. इंजिन सुरू होताच ऑइलच्या दिव्याबरोबर विझला तर तार त्या दिव्याला जोडलेली असू शकते.

दिवा बरोबर चालला तरी खात्री होत नाही. अपघातात उडालेल्या एअरबॅगच्या जागी दोन-तीन ओहमचा रेझिस्टर जोडला की कंट्रोलर फसतो आणि दिवा विझतो. म्हणून बेल्ट पूर्ण बाहेर ओढून खालच्या टोकाच्या लेबलवरची तारीख बघा. गाडीपेक्षा पट्टा नवा असेल तर गाडीचा मोठा अपघात झालेला असू शकतो. डॅशबोर्डच्या एअरबॅगच्या झाकणाचा रंग आणि शिवण शेजारच्या भागाशी जुळते का, स्टिअरिंगच्या मधल्या कव्हरच्या फटी सारख्या आहेत का, ते उन्हात बघा. शंका आली तर अधिकृत सेंटरवर कव्हर उघडून दाखवायला सांगा. ज्या विक्रेत्याला हे नको असेल त्याची गाडी घेऊ नका. स्वस्तातला ब्लूटूथ स्कॅनर इथे कामाचा नाही, बहुतेकदा तो इंजिनचेच कोड वाचतो.

आणि पुढे लोखंडी क्रॅश गार्ड बसवलेला असेल तर गाडी घेतल्यावर आधी तो काढा. तो चेसिसच्या दांड्यांना बोल्ट केलेला असतो, त्यामुळे धडकेचा झटका सेन्सरपर्यंत पोचण्याची वेळच बदलते. केंद्र सरकारने डिसेंबर २०१७ मध्येच राज्यांना अशा गार्डवर कारवाई करायला सांगितलं आहे.